आयटीआय इलेक्ट्रिशियन झालो, अप्रेंटिस केली, तरी पॅकिंगच्या लाइनवरच. काय चुकतंय?

परळीचा_पोरगा

सगळ्यांना नमस्कार. जरा लांबलचक आहे, पण वाचा.

मी परळी तालुक्यातला. २०२२ ला आयटीआय इलेक्ट्रिशियन झालो. मग वाळूजला एका कारखान्यात वर्षभर अप्रेंटिस केली, एनएसी (अप्रेंटिस पूर्ण केल्याचं राष्ट्रीय प्रमाणपत्र) हातात आहे. मुदत संपली त्याच दिवशी गेटपास जमा करून घेतला आणि ‘जागा निघाली की कळवतो’ म्हणाले. त्यांचा फोन आला नाही. पुढे एका एजंटला आठ हजार दिले. मेंटेनन्सला लावतो म्हणाला आणि लावलं पॅकिंगच्या लाइनवर. बारा-बारा तास उभं राहून खोक्यांना टेप मारतोय. आठ महिन्यांत पक्कड हातात धरलेली नाही.

सुट्टीच्या दिवशी गेटोगेट बायोडाटा देत फिरतो. सांगतो, ‘साहेब, कुठलंही काम द्या, काहीही करतो.’ इलेक्ट्रिकलला घेत नाहीत. अनुभव विचारतात, आणि अप्रेंटिसचं वर्ष अनुभवात धरत नाहीत.

घरी पिठाची गिरणी आहे. वडील म्हणतात, परत ये. गिरणीची लाज नाही मला, मागच्या दिवाळीत मोटार बंद पडली तर फॉल्ट मीच काढला होता. पण माझं शिक्षण वाया जातंय असं रात्री झोपताना वाटतं. महावितरणच्या भरतीसाठी थांबू, का चाकणला जाऊ? वायरमनच्या परवान्याचा उपयोग होतो का? कुणी या वाटेनं गेलं असेल तर सांगा.

नाइट_शिफ्ट

भावा, मी चाकणला मेंटेनन्सला आहे, सतरा वर्षं झाली. मूळचा अंबाजोगाईचा, म्हणजे तुझ्या शेजारचाच. तू सगळं सविस्तर लिहिलंस आणि मला जे हवं होतं ते एका ओळीत उरकलंस. गिरणीच्या मोटारीत फॉल्ट काय होता? कसा काढलास? आधी ते नीट सांग, मग बाकीचं बोलू.

परळीचा_पोरगा

दादा, १० एचपीची मोटार आहे. दिवाळीच्या आधी गर्दी होती, दळणाचे डबे दारापर्यंत लागलेले. मोटार चालू केली की नुसती हुंकार द्यायची, फिरायची नाही. गावातल्या वायरमननं टेस्टर लावला, तिन्ही फेजला दिवा लागला. म्हणाला, सप्लाय बरोबर आहे, मोटारच गेली, रिवाइंडिंगला न्या. वडिलांनी टेम्पोही सांगितला होता.

मला पटेना, कारण हातानं गोल फिरवली तर मोकळी फिरत होती आणि जळका वासही नव्हता. मी दोन बल्ब सिरीजमध्ये जोडून टेस्ट लॅम्प केला. वडिलांना क्षणभर बटण दाबायला सांगितलं आणि फेज-फेजमध्ये लावून बघितलं. आर आणि वाय या दोन फेजमध्ये बल्ब झगझगीत. तिसऱ्या बी फेजबरोबर लावला की दोन्हीकडे मंद. म्हणजे बी फेज येतच नव्हती, मोटारीच्या वाइंडिंगमधून उलटी फिरून टेस्टरला दिसत होती. लाइनमनला फोन केला. डीपीवरची (ट्रान्सफॉर्मरजवळच्या पेटीतली) एक फ्यूज गेलेली होती. संध्याकाळी दळण सुरू झालं.

नाइट_शिफ्ट

डीपीला स्वतः हात लावला नाहीस ना? लाइनमनलाच बोलावलंस हे वाचून बरं वाटलं. (आणि यापुढे टेस्ट लॅम्पऐवजी मीटर वापर. बल्ब फुटून डोळा गेलेला माणूस मी पाहिलाय.)

आता मला सांग, हे तू बायोडाटात लिहिलंस का? नाही लिहिलंस. तिथं ‘नाव, पत्ता, दहावी, आयटीआय, छंद क्रिकेट’ असणार. अरे, सिंगल फेजिंग, म्हणजे तीनातली एक फेज गेलीय हे ओळखणं आणि टेस्टर खोटं सांगतोय हे कळणं यासाठीच तर मेंटेनन्सला माणूस ठेवतात. पाच-पाच वर्षं झालेली माणसं इथं चकतात.

‘काहीही करतो’ हे आजपासून बंद कर. मनापासून सांगतो. गेटवर ठेकेदाराचा जो माणूस उभा असतो, त्याला त्या दिवशी लाइनवर वीस-पंचवीस जण कमी पडलेले असतात. तू ‘काहीही’ म्हणालास की तो तुला त्यातच टाकणार, आणि त्यात त्याची चूक नाही. तू त्याला सांगायचं, ‘मोटार, स्टार्टर आणि पॅनेलचं काम येतं, मेंटेनन्स इनचार्जना भेटायचंय.’ दहातले नऊ हाकलतील. दहावा आत फोन लावेल.

अप्रेंटिसचं वर्ष धरत नाहीत, कारण तू ते ‘एक वर्ष अप्रेंटिस’ एवढंच सांगतोस. त्या वर्षात किती मोटारींना मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावलास? कुठल्या मशीनवर होतास? कॉन्टॅक्टर (कॉइलनं ओढला जाणारा मोठा स्विच) बदललेस का? आज रात्री वही घेऊन बस, सगळं आठव आणि लिही. जे दुसऱ्यानं केलं आणि तू बाजूला टॉर्च धरून उभा होतास, ते लिहायचं नाही. ते दुसऱ्या प्रश्नात उघडं पडतं.

आमच्याकडे मुलगा आला की त्याला स्टार-डेल्टा स्टार्टरसमोर उभं करतात (मोटार आधी स्टार जोडणीत हळू उचलायची, मग डेल्टा जोडणीत पूर्ण जोरानं चालवायची). आकृती सगळ्यांना पाठ असते. मग मी विचारतो, मोटारीच्या पाटीवर १४ अँपिअर लिहिलंय, ओव्हरलोड रिले (जास्त करंट झाला की मोटार बंद पाडणारा) कितीला लावशील? बहुतेक जण १४ म्हणतात. आमच्या स्टार्टरमध्ये रिले मेन कॉन्टॅक्टरच्या खाली असतो, डेल्टात तिथून एका वाइंडिंगचाच करंट जातो, लाइनच्या ०.५८ पट. म्हणजे साधारण ८. तिथं १४ ला ठेवला तर मोटार जळेल आणि रिले पडणारच नाही. दुसरा प्रश्न, स्टार आणि डेल्टा कॉन्टॅक्टर एकदम ओढले गेले तर काय होईल, आणि ते होऊ नये म्हणून वायरिंगमध्ये काय केलेलं असतं? याचं उत्तर बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. गिरणीत स्टार्टर आहेच तुझ्या घरी. सुट्टीला गेलास की मेन बंद करून, फ्यूज काढून खिशात घाल आणि एकेक वायर हातानं शोध. असा सराव पुण्या-मुंबईच्या पोरांना मिळत नाही.

सातपूरची_वैशू

दादांनी मेंटेनन्सचं सांगितलं, मी पॅनेलचं, म्हणजे स्विच-कॉन्टॅक्टर बसवलेल्या वीजपेट्यांचं सांगते. मीही आयटीआय इलेक्ट्रिशियन, नाशिकला पॅनेल बनवणाऱ्या छोट्या वर्कशॉपमध्ये लागले तेव्हा आमच्या बॅचच्या मुलांनी नाकं मुरडली होती. पगार कमी होता हे खरं. पण सातपूर आणि अंबडमध्ये अशी वर्कशॉप पुष्कळ आहेत, आणि तिथं एजंट नसतो, मालक स्वतः समोर बसलेला असतो.

मला पहिल्या दिवशी ड्रॉइंग, एक दरवाजा आणि वायरचं बंडल दिलं. प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना फेरुल (नंबरची नळी), लग (धातूचं टोक) दाबून क्रिम्प करायचा आणि ओढून बघायचा. सुटला तर परत. त्या महिन्यात अंगठ्याला घट्टा पडला, पण ड्रॉइंग वाचायला मी तिथंच शिकले. आता टेस्टिंगला आहे. ड्रॉइंग वाचता येणारा माणूस कमी मिळतो, हे रोज बघते. परळीच्या दादा, वाळूजलाही पॅनेलवाले आहेत. मोठ्या गेटांवर फिरतोस तसा एक रविवार त्या गाळ्यांच्या गल्ल्यांमधून फीर.

लातूर_सोलर

भरती आणि परवान्याबद्दल दोन शब्द. विद्युत सहाय्यकाची भरती दरवर्षी निघेलच असं नाही. २०२३ च्या जाहिरातीत ५,३४७ जागा होत्या, तीन वर्षं कंत्राटी, पहिल्या वर्षी १५,००० मानधन. फॉर्म जरूर भर, अभ्यास कर, पण तिच्या वाटेवर बसून राहू नको. माझी तशी दोन वर्षं गेली.

वायरमनचा परवाना काढच. सरकारी कागदावर त्याला तारतंत्री म्हणतात, तसाच शोध. इलेक्ट्रिकल ठेकेदाराला परवानाधारक माणसं लागतातच, म्हणून त्या कागदाला किंमत आहे. घरांवरच्या सोलरचं कामही पंतप्रधान सूर्यघर योजना २०२४ ला आल्यापासून वाढलंय, ३ किलोवॅटला केंद्राचं ७८,००० अनुदान आहे. मी त्यातच आहे. पण एक ध्यानात ठेव, पत्र्यावरच्या सोलरची डीसी वीज मेन स्विच पाडून मरत नाही. ऊन आहे तोवर सोलर पॅनेलमध्ये व्होल्टेज असतंच. शिकवणारा माणूस बरोबर असल्याशिवाय चढू नको.

परळीचा_पोरगा

दादा, ताई, सगळ्यांचे आभार. वहीत लिहायला बसलो तर साडेतीन पानं झाली. मलाच माहीत नव्हतं एवढं केलंय. अकरा मोटारींना मेगर, दोन कूलिंग पंपांचे कॉन्टॅक्टर, एका कन्व्हेयरचा लिमिट स्विच. बायोडाटात छंदाच्या जागी गिरणीची मोटार लिहिली.

रविवारी गल्ल्यांमधून फिरलो. एका पॅनेलवाल्यानं बायोडाटा उभ्या उभ्या वाचला आणि विचारलं, ‘टेस्टर तिन्हीला का लागला होता?’ मी त्याच्याच टेबलावरच्या कागदावर डेल्टा काढून सांगितलं. गुरुवारी साडेआठला ट्रेड टेस्टला (हातकामाच्या परीक्षेला) बोलावलंय. पगार लाइनवरच्यापेक्षा पंधराशेनं कमी सांगितलाय. वडिलांशी बोललो, ते म्हणाले जा.

रिलेचं पाठ केलंय. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचंही: स्टारच्या कॉइलमध्ये डेल्टाचा एनसी (कॉन्टॅक्टर ओढला गेला की उघडणारा संपर्क) आणि डेल्टाच्या कॉइलमध्ये स्टारचा. दोन्ही एकदम लागले तर तिन्ही फेज शॉर्ट. बरोबर ना?

नाइट_शिफ्ट

बरोबर. पंधराशेचा विचार करू नको, जा.

बूट घालून जा, चप्पल नको. स्वतःचं मीटर ने. पॅनेल उघड म्हणाले की आधी विचार, सप्लाय बंद आहे का. बंद आहे म्हणाले तरी मीटर आधी चालू सॉकेटवर लावून बघ, मग पॅनेलमध्ये तिन्ही फेज तपास, मग पुन्हा सॉकेटवर. त्यानंतरच हात घाल. घाई करायला लावतील, तरी हे सोडू नको. माझ्या वेळी आम्ही चौघं होतो, तिघांनी थेट स्क्रू ड्रायव्हर लावला आणि त्यांना तिथूनच परत पाठवलं.

गुरुवारी संध्याकाळी इथं कळव. माझी नाइट आहे, जागाच असेन.