मदत हवी आहे : झोपेसाठी लावलेला आवाज मध्येच थांबतो, चांगले मराठी अ‍ॅप सुचवा

मार्कंडेयकाठ (बेळगाव), सोमवार, सकाळी ९.४०

नमस्कार. गेले दोन महिने मला नीट झोप लागत नाही, म्हणून फोनवर योगनिद्रेचा आवाज लावून झोपण्याचा प्रयत्न करतो आहे. आवाज सुरू असतो तोवर अंग सैल पडते, डोळे जड होतात आणि नेमका त्याच वेळी तो बंद पडतो. मग त्या अचानक आलेल्या शांततेनेच मी पुन्हा जागा होतो. दुसरे एक अ‍ॅप फोन उशीजवळ ठेवला की झोपेला गुण देते. काल त्याने १०० पैकी ५४ दिले, परवा ६१.

मध्येच न थांबणारे आणि मराठीत सूचना देणारे अ‍ॅप कोणी वापरत असल्यास कृपया नाव सांगावे. इंग्रजी मला समजते, पण एक वाक्य मनात मराठीत फिरवून घेईपर्यंत पुढचे वाक्य आलेले असते. कामावर सगळा वेळ कन्नड आणि हिंदी बोलून आल्यावर निदान डोळे मिटल्यावर तरी कोणी आपल्या भाषेत बोलावे असे वाटते. लवकर उत्तर द्या, आज मला झोप मिळणे फार गरजेचे आहे.

राकसकोप, सोमवार, सकाळी १०.०५

आपण फोन कोणता आणि अ‍ॅप कोणते हे लिहिलेले नाही. फोन अँड्रॉइडचा असेल तर बहुधा बॅटरी वाचवण्याच्या सोयीमुळे हे घडत असावे, कारण पडदा बंद झाल्यावर मागे चालू असलेली अ‍ॅप फोन स्वतःच बंद करतो आणि काही कंपन्यांचे फोन याबाबतीत फारच कडक असतात. सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपच्या बॅटरी विभागात जाऊन ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा. अ‍ॅपमध्येच झोपेचा टायमर लावलेला नाही ना, तेही पाहा.

वेदगंगा (निपाणी), सोमवार, सकाळी १०.३०

माझे मत वेगळे आहे. झोप घालवणारी वस्तू उशाशी ठेवून तिच्याकडूनच झोप मागणे मला पटत नाही. मी शेतकरी आहे. थ्री-फेज वीज रात्रीची येते तेव्हा दोन वाजता उठून मोटार सुरू करावी लागते आणि परत येऊन झोपावे लागते. फोन बाहेरच्या खोलीत ठेवायचा, हातपाय धुवायचे आणि अंथरुणावर पडून नामस्मरण करायचे, एवढेच मी करतो. गजरासाठी साधे घड्याळ आणले आहे. आपणही आठ दिवस करून पाहा.

हिंडलगा रोड, सोमवार, सकाळी ११.१०

अ‍ॅपने मन शांत होत नाही, ते शिकावे लागते. इगतपुरीला धम्मगिरी येथे विपश्यनेचे दहा दिवसांचे शिबिर करा. शुल्क नाही, शिबिर पूर्ण झाल्यावर ज्याला इच्छा असेल त्याने दान द्यावे. फोन पहिल्याच दिवशी जमा करून घेतात. मी स्वतः जाऊन आलो आहे आणि मनातली कालवाकालव त्यानंतर पुष्कळ कमी झाली, हे अनुभवाने सांगतो.

शहापूर पेठ, सोमवार, दुपारी १२.२०

कोणतेही अ‍ॅप घेण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य लक्षात ठेवा. सात दिवस मोफत म्हणून आमच्या घरी ध्यानाचे एक अ‍ॅप घेतले, चौथ्या दिवशी फोनवरून काढून टाकले आणि तरीही वर्षाचे पैसे खात्यातून गेले. अ‍ॅप काढल्याने वर्गणी थांबत नाही. प्ले स्टोअरमध्ये आपल्या चित्रावर बोट ठेवून ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’ उघडावे आणि तिथून ती रद्द करावी. यूपीआयवर ऑटोपे दिलेले असेल तर तेही तपासावे. पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना येते. ती आमच्या घरी कोणी वाचली नाही.

मार्कंडेयकाठ, सोमवार, संध्याकाळी ५.१५

सर्वांचे आभार, पण माझा प्रश्न मराठी अ‍ॅपचा होता. मी पैसे भरून काहीही घेतलेले नाही. शिबिरासाठी दहा दिवस रजा मिळणार नाही. गजरासाठी फोन जवळ लागतोच. राकसकोप साहेब, आपण सांगितलेले सेटिंग केले, तरीही पडदा बंद झाला की आवाज थांबला. पडदा चालू ठेवला तर मध्येच मोठ्या आवाजात जाहिरात लागते. आज जेमतेम तीन तास झोप झाली.

राकसकोप, सोमवार, संध्याकाळी ५.५०

जाहिरात लागते म्हणजे आपण व्हिडिओ पाहण्याच्या नेहमीच्या अ‍ॅपवर योगनिद्रा लावत आहात का? तसे असेल तर माझे पहिले उत्तर निरुपयोगी आहे. पैसे न भरता वापरताना तिथे पडदा बंद झाला की आवाज थांबतो, ती त्या अ‍ॅपची रचनाच आहे आणि बॅटरीच्या सेटिंगने ती बदलत नाही. हे आधी लिहिले असते तर आपला दिवस वाया गेला नसता. झोपण्यापूर्वी ऐकायची गोष्ट ध्वनिफीत म्हणून फोनमध्येच साठवलेली असावी, फोनच्या साध्या प्लेअरवर वाजवावी आणि तेवढा वेळ फोन विमान मोडवर ठेवावा. गजर विमान मोडमध्येही वाजतो.

मलप्रभा (खानापूर), सोमवार, संध्याकाळी ६.३०

मी सरकारी रुग्णालयात परिचारिका होते, आता निवृत्त आहे. आपण सकाळी पावणेदहा वाजता ‘आज झोप मिळणे गरजेचे आहे’ असे लिहिले आणि सव्वापाचला ‘आज तीन तास झोप झाली’ असे लिहिता. आपण रात्रपाळी करता का? कोणत्या वेळेला झोपता, चहा किती आणि केव्हा घेता आणि झोपेत घोरता का, एवढे सांगा. त्याशिवाय अ‍ॅपचे नाव सांगून उपयोग होणार नाही.

कणकुंबी, सोमवार, रात्री ८.००

योगनिद्रेबद्दल एक खुलासा करावासा वाटतो. मुंगेरच्या बिहार योग विद्यालयाचे स्वामी सत्यानंद सरस्वती यांनी ही पद्धत ज्या रूपात बसवून दिली, त्यात साधकाने जागे राहायचे असते. सूचना देणारा मध्ये मध्ये ‘झोपू नका’ असे सांगतो. ज्याला झोपायचे आहे त्याने तीच फीत लावली तर शरीर झोपेकडे ओढते आणि कान जागे राहण्याची आज्ञा ऐकतात. झोपेसाठी वेगळी फीत हवी.

हिंडलगा रोड, सोमवार, रात्री ८.२५

म्हणूनच मी विपश्यना सुचवली.

कणकुंबी, सोमवार, रात्री ८.४०

विपश्यनेबद्दल मला आदर आहे, पण तिचा हेतूही झोप लावणे हा नाही. विचारणाऱ्याची अडचण आजची आहे आणि त्याने रजा नसल्याचे स्पष्ट लिहिले आहे.

मार्कंडेयकाठ, मंगळवार, सकाळी ८.२०

मलप्रभाताई, होय, मी उद्यमबागेत लेथवर काम करतो. दर दोन आठवड्यांनी पाळी बदलते आणि सध्या रात्रपाळी आहे. हे लिहायला हवे होते, पण अ‍ॅप सगळ्यांसाठी सारखेच असेल असे मला वाटले. सात वाजता सुटतो, वडगावला घरी येतो, नाश्ता करून थोडा वेळ फोन पाहतो आणि दहाला आडवा होतो. शेजारी यंत्रमाग आहे, त्याची खटखट भिंतीतून येते. लहानपणापासून तीच ऐकत आलो आहे, त्यामुळे तिचा त्रास वाटत नाही, मात्र वीज गेली आणि माग थांबला की जाग येते. चहा रात्री तीन वेळा, शेवटचा पहाटे पाचला.

घाई का आहे तेही सांगतो. शनिवारी पहाटे चारच्या सुमारास मशीनसमोर उभ्या उभ्या डुलकी लागली आणि जॉब (घडवायचा तुकडा) चकमध्ये, म्हणजे तो धरून फिरवणाऱ्या पकडीत, नीट न आवळताच माझा हात बटणाकडे गेला. मदतनीस पोरगा ओरडला म्हणून थांबलो. तेव्हापासून झोपायला गेल्यावर तोच क्षण डोळ्यांसमोर येतो, आणि उठल्यावर पहिल्यांदा गुण पाहतो. ५४ दिसले की आज रात्री काय होईल, या विचाराने छातीत धडधडते.

मलप्रभा, मंगळवार, सकाळी ९.००

दादा, आपण हे लिहिलेत ते फार बरे केले. मीही कित्येक वर्षे रात्रपाळी केली आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

आपल्या शरीरात सुमारे २४ तासांचे घड्याळ असते आणि ते मुख्यतः उजेडावर चालते. पेशींमधले हे घड्याळ कसे चालते, हे शोधून काढणाऱ्या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल मिळाले. आपण सकाळी उद्यमबागेतून वडगावकडे येता तेव्हा सूर्य थेट समोर असतो आणि तो उजेड मेंदूला ‘दिवस झाला, ऊठ’ असे सांगत असतो. येताना काळा चष्मा लावा, पण डोळे मिटत असतील तर गाडी चालवूच नका, सहकाऱ्याच्या मागे बसून या. घरी आल्यावर हलके खाऊन, फोन न पाहता, आठच्या सुमारास आडवे व्हा. दहापर्यंत जागे राहिलात तर शरीर दिवसाला लागते आणि झोप उथळ होते. खिडकीवर जाड चादर किंवा घोंगडे लावा. चहातल्या कॅफिनपैकी निम्मे पाच-एक तासांनंतरही अंगात शिल्लक असते, म्हणून शेवटचा चहा दोनच्या आत घ्या. रात्री कामावर निघण्यापूर्वी वीस मिनिटांची डुलकी घेतली तर पहाटे चारचा तो कठीण तास थोडा सोपा जातो.

गुण देणारे अ‍ॅप मात्र आजच काढून टाका. झोपेच्या अवस्था कळायच्या तर डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी मोजाव्या लागतात. उशीजवळचा फोन फक्त हालचाल आणि आवाज टिपतो. आपल्या घरी तर मागाचा हादराही तो आपल्या खाती जमा करत असेल. चांगल्या गुणांच्या ध्यासाने झोप बिघडलेले रुग्ण पाहून अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये त्याला ‘ऑर्थोसोम्निया’ असे नावही दिले.

आपण घोरता का, याचे उत्तर राहिले.

राकसकोप, मंगळवार, सकाळी ९.३५

ताईंचे बहुतेक म्हणणे मान्य आहे, तरी सगळी अ‍ॅप एका मापाने मोजू नयेत. दीर्घकाळच्या निद्रानाशासाठी गोळ्यांच्या आधी सीबीटी-आय ही वर्तनोपचाराची पद्धत वापरावी, असे अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये सांगितले आहे. अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाने त्याच पद्धतीवर ‘सीबीटी-आय कोच’ हे अ‍ॅप काढले असून ते मोफत आहे. ते इंग्रजीत आहे, पण त्यातली झोपेची नोंदवही उपयोगी आहे.

मलप्रभा, मंगळवार, सकाळी १०.१०

ते अ‍ॅप चांगले आहे, पण ते मुळात उपचारकाच्या सोबतीने वापरण्यासाठी काढलेले आहे. त्या पद्धतीत अंथरुणावरचा वेळ मुद्दाम कमी करतात आणि सुरुवातीचे काही दिवस झोप आणखी कमी होते. लेथवर उभे राहणाऱ्या माणसाने तो भाग डॉक्टरांशिवाय मुळीच करू नये. नोंद वहीत पेनने केली तरी चालते. तो शनिवारचा प्रसंग पुन्हा पुन्हा आठवत असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. सेवा विनामूल्य आहे, दिवसरात्र चालते आणि भाषा निवडता येते.

कणकुंबी, मंगळवार, दुपारी १२.४५

मराठी आवाजाचा प्रश्न तसाच राहिला, म्हणून लिहितो. तो आवाज घरीच तयार करा. एडमंड जेकबसन या अमेरिकी डॉक्टरांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात स्नायू क्रमाने आवळून सैल सोडण्याची रीत बसवली, तिला अ‍ॅप लागत नाही. फोनच्या रेकॉर्डरवर हळू आवाजात बोलायचे : पायाची बोटे आवळा, पाच अंक मोजेपर्यंत धरा, आता सोडा आणि पाय जड झाल्याकडे लक्ष द्या. मग पोटऱ्या, मांड्या, पोट, मुठी, खांदे, जबडा, कपाळ. घाई करू नये, दोन सूचनांमध्ये दोन श्वास जाऊ द्यावेत.

आवाज थांबल्यावर जाग येते त्याचे कारण आपणच लिहिले आहे : वीज जाऊन माग थांबला तरी आपल्याला जाग येते. सूचना संपल्यावर लगेच शांतता येऊ नये म्हणून फितीच्या पुढे पाच-सहा तासांचा एकसारखा आवाज जोडा. मी आमच्या कौलांवर पडणारा पाऊस टिपून ठेवला आहे, जूनपासून इकडे त्याला तोटा नसतो. आपल्याला पंख्याचा आवाजही चालेल. आवाज बेताचा ठेवा आणि कानात काही घालू नका.

वेदगंगा, मंगळवार, दुपारी १.१५

फोन बाहेर ठेवावा हे माझे मत कायम आहे, परंतु रात्रभर राबून आलेल्या माणसाला मी फार सोपे करून सांगितले होते, याची जाणीव झाली. फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला, हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवलात तर फीत ऐकू येईल, गजरही वाजेल आणि पडदा डोळ्यांसमोर राहणार नाही.

मार्कंडेयकाठ, पुढच्या आठवड्यातला गुरुवार, दुपारी ३.३०

उशिरा लिहितो आहे, क्षमस्व. मंगळवारीच गुणांचे अ‍ॅप काढले. सूचनांची फीत पत्नीने तिच्या आवाजात करून दिली आणि तिच्यापुढे पंख्याचा सहा तासांचा आवाज जोडला. पहिले दोन दिवस काहीच फरक पडला नाही. तिसऱ्या दिवशी मांड्यांपर्यंत ऐकल्याचे आठवते, त्यापुढचे आठवत नाही. मधल्या काळात वीज गेली, माग थांबला, तरी जाग आली नाही. साडेआठ ते दीड अशी सलग पाच तास झोप झाली. सोमवारपासून दुपारपाळी लागली आहे आणि रात्रीही तीच फीत लावतो. १४४१६ वर एकदा बोललो, त्याने मन हलके झाले.

एक गोष्ट राहिली होती. फीत नीट वाजते की नाही हे पाहायला पत्नी पहिल्या दिवशी शेजारी बसली होती. ती म्हणते की मी पुष्कळ घोरतो आणि मध्येच काही क्षण श्वास थांबल्यासारखा होऊन दचकतो. सकाळी डोके जड असते ते मी पाळीमुळे समजत होतो. याचा काही संबंध आहे का?

मलप्रभा, गुरुवार, दुपारी ३.५०

संबंध असू शकतो, आणि तो कोणत्याही फितीने सुटणारा नाही. झोपेत श्वासमार्ग वारंवार बंद होत असेल तर कितीही तास झोपलात तरी दिवसा पेंग येत राहते. छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा आणि झोपेच्या तपासणीबद्दल विचारा. ती होईपर्यंत झोपेची कोणतीही गोळी स्वतःहून घेऊ नका. वहिनींना सांगा, आज आपण झोपल्यावर त्याच फोनवर घोरण्याचे दहा-पंधरा मिनिटांचे रेकॉर्डिंग करून ठेवावे आणि श्वास थांबतो त्या वेळी किती अंक मोजून होतात ते लिहून ठेवावे. डॉक्टरांना ते ऐकवा. आपली पाळी दर दोन आठवड्यांनी बदलते हेही या वेळी आधीच सांगा.

मार्कंडेयकाठ, गुरुवार, संध्याकाळी ४.०५

रविवारी सुट्टी आहे, पण दवाखाना बंद असतो. सोमवारी दुपारपाळीला जाण्याआधी सकाळी जातो. रेकॉर्डिंग आज रात्रीच करायला सांगितले आहे.