जुनं म्हणजे महाग असं नाही हो भाऊ

वर एका भाऊंनी लिहिलंय की व्हिडिओ गेम जितका जुना तितका भाव चढणार, ते काही पटलं नाही. सुपर मारिओ 64 बघा, 1996 चा गेम, एक कोटीच्या वर कॉपी खपल्या म्हणजे दुर्मिळ अजिबात नाही, पण जुलै 2021 मध्ये त्याचीच एक सीलबंद कॉपी 15.6 लाख डॉलरला गेली. पैसा गेमचा नव्हता, न फोडलेल्या सीलचा होता! लॉकडाऊनमध्ये लोक घरी, हातात पैसा, लहानपणची आठवण, त्यात गुंतवणूकवाले घुसले, मग भाव वाढले म्हणून माळ्यावरचे डबे बाहेर निघाले नि नंतर बऱ्याच गेमचे भाव उतरले. आमच्या रावेरकडे केळीचं असंच, भाव बघून सगळे लावतात न मग माल एकदमच येतो.

आणि टीव्हीला जोडायच्या गेमच्या आपल्या त्या पिवळ्या कॅसेटी, हजारो गेम लिहिलेल्या न आत कॉन्ट्रा धरून पाच-सहाच, जळगावला सुट्टीत मामाकडे तेच खेळलो, त्यांना कोणी विचारत नाही कारण नकली माल, किती छापला हिशोबच नाही. माझी मी विकणार नाहीच म्हणा, फुंकर मारली की अजून चालते.