मदत हवी आहे: दहाचाकी टिपरला मागचे टायर कोणते घालावेत?

मंडळी, आमचा दहाचाकी टिपर खडी वाहतो. अर्धा रस्ता खाणीतला, उरलेला खंबाटकी घाटाचा. मागे 10.00 आर 20 रेडियल घालायचे आहेत.

मागच्या दोन अॅक्सलना मिळून मर्यादा 21 टन, टायर आठ, म्हणजे एकावर 2625 किलो. 16 प्लायच्या (प्लाय म्हणजे टायरच्या मजबुतीचा दर्जा) टायरवर 146/143 छापलंय, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचे सांकेतिक आकडे: पहिला एकट्या टायरचा, दुसरा जोडीतल्याचा. जोडीतल्या टायरसाठी 143 धरायचा, तो 2725 किलोचा. जेमतेम 100 किलो शिल्लक! खडी एका बाजूला सरकली की तेही संपतात. ड्रायव्हरच्या जिवाचा प्रश्न आहे, म्हणून मला हे पटत नाही. 18 प्लायचा 149/146 जोडीत 3000 किलो घेतो.

कोणी 18 प्लाय वापरलेत का? उन्हाळ्यात घाटात फार तापतात का? हवा किती ठेवता? आणि खाणीसाठी लग पॅटर्नच (जाड ठोकळ्यांची, खोल खाचांची नक्षी) घ्यावा का?