शर्यतीऐवजी ‘उठा-चला’ ठेवा

ज्येष्ठांच्या मेळाव्यात चालण्याची शर्यत ठेवावी, असं काहीजण सुचवतात. माझं मत उलट आहे. शर्यतीत धडधाकट लोकच उतरतात, काठीवाले कडेला बसून टाळ्या वाजवतात. त्यापेक्षा ‘उठा-चला’ चाचणी घ्या. खुर्चीतून उठायचं, नेहमीच्या चालीने ३ मीटर जाऊन वळायचं, परत येऊन बसायचं. काठी, वॉकर चालतो. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका समजून फिजिओथेरपिस्टकडे पाठवा. नंबर मात्र काढू नका, लोक उगाच घाई करतात. खुर्ची हातांची, आसन साधारण ४५ सेंमी उंच, पाठ भिंतीला टेकलेली. हलकी प्लॅस्टिकची खुर्ची उठताना मागे सरकते. सोबत एक स्वयंसेवक चालू द्या.

शेजारी काठ्या तपासायचं टेबल हवंच. चपला घालून, हात सैल सोडून उभं राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात; बरेच जण नेमकी उलटी धरतात. खालचं रबर गुळगुळीत झालं असेल तर तिथल्या तिथे बदला, दोन-तीन मापांची आणून ठेवा.

आणि मंचाला फळी टाकून उतार केला म्हणू नका. १५ सेंमी उंच पायरीला किमान १.८ मीटर लांब उतार लागतो.