पीएचडी गाईड निवडताना एच-इंडेक्स किती मनावर घ्यायचा?

तांबडा_रस्सा:
नमस्कार मंडळी, एमएस्सी ऑरगॅनिक झालंय, नेट-जेआरएफ पण निघालं, आता पीएचडीला दोघेजण घ्यायला तयार आहेत. एक सर, गूगल स्कॉलरवर एच-इंडेक्स 41, वर्षाला 12-15 पेपर, बहुतेक मेथडॉलॉजी (नवीन रिअ‍ॅक्शन, पद्धती काढणं) आणि मधेमधे रिव्ह्यू (आधीच्या कामाचा आढावा). दुसऱ्या मॅडम, एच-इंडेक्स 19, टोटल सिंथेसिस करतात (निसर्गातला गुंतागुंतीचा रेणू साध्या रेणूंपासून एकेक स्टेपने लॅबमध्ये बनवणं), वर्षाला दोन पेपर आले तरी डोक्यावरून पाणी. काका म्हणतात 41 कुठे नि 19 कुठे, विचार कसला करतेस, जसे काही दहावीचे मार्कच. मला मॅडमचं काम आवडतंय पण पुढे पोस्टडॉकला कोण विचारेल का ही भीती आहे. खरंच एवढा फरक पडतो का?

सिलिकाजेल:
41 म्हणजे 41 पेपर असे, की त्यातल्या प्रत्येकाला किमान 41 सायटेशन आहेत, म्हणजे तेवढ्या पेपरांनी त्याचा संदर्भ दिलाय, बास. हिर्श नावाच्या फिजिक्सवाल्याने 2005 मध्ये काढलेलं माप आहे हे, आणि ते कधी कमी होत नाही, माणूस रिटायर होऊन झाडांना पाणी घालत बसला तरी वाढतं 😄

आपल्याकडे सायटेशन कशाला मिळतात ते पण बघ. क्लार्क स्टिलचा फ्लॅश कॉलमवरचा (मिश्रणातले रेणू वेगळे करायची पद्धत) पेपर, जेओसी म्हणजे जर्नल ऑफ ऑरगॅनिक केमिस्ट्री, 1978, जेमतेम तीन पानं, त्यात नवीन रेणू नाही की नवीन रिअ‍ॅक्शन नाही, फक्त कॉलमला वरून हवेचा दाब दिला की तासन्‌तास थेंब मोजत बसायला लागत नाही एवढंच, आणि सायटेशन हजारोंनी. तसाच गॉटलिब आणि मंडळींचा 1997 चा, एनएमआरमधल्या (रेणूची रचना ओळखायचं तंत्र) सॉल्व्हंटच्या पीकचा तक्ता, आमच्या लॅबमध्ये त्याची झेरॉक्स फ्यूम हूडला चिकटवलेली, पिवळी पडलेली. सीडीसीएल3 या सॉल्व्हंटमध्ये 4.12 ला क्वार्टेट (चार टोकांचा पीक) दिसला की इथाइल अ‍ॅसिटेट उरलंय, जा, परत व्हॅक्यूमला लाव. रोज लागणारी वस्तू आहे म्हणून सायटेशन. टोटल सिंथेसिसचा पेपर वाचून लोक वा वा करतात, पण सायटेशन कोण देणार, तोच किंवा त्याच्या जवळचा रेणू करणारी जगात चार माणसं.

उलटं पण होतं. डील्स-आल्डर रिअ‍ॅक्शन 1928 ची, आज वापरणारे मूळ जर्मन पेपर कितीसे सांगतात? आपले वेंकटरामन घ्या, पुण्याच्या एनसीएलचे (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) पहिले भारतीय डायरेक्टर. फ्लेव्होन नावाचे रेणू करणारे सगळे बेकर-वेंकटरामन रिअ‍ॅक्शन म्हणतात, नाव घेतलं की झालं, खाली रेफरन्स द्यायची गरजच वाटत नाही.

रोटाव्हॅप_बिघडलाय:
सिलिकाजेल म्हणतो ते बरोबर पण 41 ला एकदम कचऱ्यात टाकू नका ताई. ज्यांचे पेपर भराभर येतात त्यांच्याकडे बऱ्याचदा फंडिंग असतं, केमिकलची ऑर्डर अडत नाही, हे पाच वर्षं जगून बघितल्यावर कळतं. माझे गाईड असेच मोठ्या आकड्याचे होते, 9 पेपरवर माझं नाव आहे, त्यातल्या 6 वर मी चौथा नाहीतर पाचवा, आणि इंटरव्ह्यूला पहिलाच प्रश्न, यातलं तुम्ही नक्की काय केलंत? घाम फुटला. म्हणून सरांचे पेपर उघडून पहिलं नाव कुणाचं ते बघा, विद्यार्थ्याचं का, आणि तो विद्यार्थी आता कुठे आहे. स्कोपसवर (पेपर-सायटेशनचा डेटाबेस) सेल्फ सायटेशन, म्हणजे स्वतःच स्वतःला दिलेली, वगळून पण आकडा दिसतो, तो बघा. आणि रिव्ह्यू वेगळे काढून मोजा, रिव्ह्यूला सायटेशन जास्तच मिळतात, सुझुकी-मियाउरांचा त्यांच्याच नावाच्या रिअ‍ॅक्शनवरचा 1995 चा केमिकल रिव्ह्यूजमधला बघितलात तर कळेल. अर्थात त्यांनी ती रिअ‍ॅक्शन 1979 मध्ये स्वतः काढली होती, दुसऱ्याच्या कामावर रिव्ह्यू लिहून आकडा फुगवणं वेगळं.

बेंझिनवाली_काकू:
टोटल सिंथेसिस घेणार असशील तर हा हिशोब करून जा. 25 स्टेप, प्रत्येकीला 80 टक्के यील्ड (हाती येणारा माल), म्हणजे चांगलंच म्हणायचं. शेवटी हातात 0.4 टक्के. माझं 17 व्या स्टेपचं क्रूड (शुद्ध न केलेला माल) एकदा रोटावर, म्हणजे सॉल्व्हंट उडवायच्या मशीनवर, बम्प होऊन (एकदम उसळून) पाण्याच्या बाथमध्ये गेलं, तीन महिन्यांची मेहनत, पाणी आटवून काढलं त्यातून थोडं. पण टीएलसीवर (रेणू वेगळे दाखवणारी छोटी प्लेट) डाग बघून काय चाललंय ते ओळखायला मी तिथेच शिकले, आज कंपनीत त्याचाच पगार मिळतो. माझा स्वतःचा एच-इंडेक्स 4 आहे गं.

तांबडा_रस्सा:
थँक्यू सगळ्यांना, सरांचे मागच्या तीन वर्षांतले पेपर काढून बसलेय, पहिली नावं बघतेय, तीच तीच दोन नावं आहेत बऱ्याच ठिकाणी. सोमवारी मॅडमच्या लॅबमध्ये जाऊन त्यांच्या मुलांशी बोलते. काकांना 0.4 टक्के सांगितलं तर म्हणाले, म्हणजे नापासच की.