कुरणातला कुंदा आणि कुसळी: मारवेल वाचवून मारता येईल का?

बालाघाटकर:
औसा तालुका, दोन एकर कुरण. मारवेल हे चाऱ्याचं गवत आणि स्टायलो हा शेंगवर्गीय चारा. बांधाकडून कुंदा हे चिवट गवती तण आत शिरलाय, मुरमाड कडेला टोकदार कुसळांचं कुसळी गवत माजलंय. दुकानदार क्विझालोफॉप तणनाशक मार म्हणतो. देवणी जनावरं चरतात. काय करावं?

काळी रान:
क्विझालोफॉप नको. ते फक्त गवतं मारतं; सोयाबीनमध्ये चालतं कारण सोयाबीन रुंद पानाचं. मारवेल गवतच, कुंद्याबरोबर तेही करपणार. टू-फोर-डी या तणनाशकाचं उलटं: गवताला काही होत नाही, स्टायलो जातो, आणि वाऱ्याने शेजारच्या कपाशीवर गेलं तर भांडण वेगळंच. गवतातून गवत निवडून मारणारं औषध तुमच्या कामाचं नाही. निवड हातानेच करायची.

उरतं ग्लायफोसेट ४१ टक्के, हिरवं ते सगळं मारणारं तणनाशक. त्याची शिफारस चहामळे आणि बिनपिकाच्या जागेपुरती, आणि २०२२ च्या केंद्राच्या आदेशाप्रमाणे फवारणी पेस्ट कंट्रोल ऑपरेटरकडूनच. म्हणून चरायच्या भागात नको, बांधावरच्या पट्ट्यापुरतं ठेवा. १५ लिटरच्या पंपाला १५० मिली. आधी ३०० ग्रॅम अमोनियम सल्फेट पाण्यात पूर्ण विरघळवा, मग औषध. बोअरचं जड पाणी असेल तर हे टाळू नकाच, त्यातला चुना औषध बांधून टाकतो. ओढ्याचं गढूळ पाणी तर नकोच. मातीला चिकटलं की औषध वाया.

वेळ: ऑगस्ट-सप्टेंबर, कुंदा फुलोऱ्यावर यायच्या आधी, हिरवागार वाढीत. पावसाचा खंड पडून पानं वळलेली असतील तर थांबा, औषध मुळापर्यंत उतरत नाही; वर पिवळं पडतं, खालून पुन्हा फुटतं. फवारल्यावर सहा तास उघडीप हवी. नंतर २० दिवस नांगर घालू नका, तिथली वैरणही कापू नका. फुटवा वीतभर झाला की फवारणीचा दुसरा हात. एका हातात कुंदा गेला असं कोणी सांगितलं तर हसून सोडा. रोटाव्हेटर तर मुळीच नाही, कुंद्याच्या जमिनीतल्या कांड्यांचे तुकडे करून तो रानभर पेरतो.

माळावरचा:
कुसळीला औषध कशाला? कोवळी असताना जनावरं खातात. त्रास कुसळांचा: शेळ्या-मेंढ्यांच्या तोंडात, कातडीत घुसतात. फुलोरा दिसायच्या आत कापा, वैरण मिळते आणि बीही पडत नाही. पेटवून देऊ नका. कुसळ ओलाव्याने पीळ घेत बी मातीत खुपसतं, वरच्या जाळाची झळ त्याला लागत नाही. उलट जळाल्यावर कुसळीच जोरात येते.
कोवळा कुंदाही जनावरं खातात. कुरणात दोन-चार बेटं असली म्हणून घाई नको. कुंदा ज्या बांधावरून शेतात शिरतो, त्याचं आधी बघा.

बालाघाटकर:
मारवेलच्या मधोमध आलेल्या बेटांचं काय?

काळी रान:
कुदळीने, पावसाने जमीन मऊ असताना. कांड्या वेचून उन्हात टाका, बांधावर फेकू नका. रिकाम्या जागी लगेच मारवेलची मुळासकट ठोंबं दीड-दीड फुटावर लावा, सप्टेंबरच्या पावसावर जीव धरतात. जागा मोकळी राहिली तर गाजर गवत येईल.
आणि तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा. धुतला म्हणून कपाशीला वापरू नका.