थेट कॉनफिल्ड? मला अजिबात पटलं नाही

सडेकर (गुहागर)
काल इथे एकाने लिहिलं, "प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक ऐकायचंय? थेट ऑटेकरचा 'कॉनफिल्ड' लावा. पहिल्या फटक्यात झेपला नाही तर हे संगीत तुमच्यासाठी नाही." डोकं फिरलं. प्रतिसादात मावेना म्हणून वेगळा धागा काढतोय.

ऑटेकर ही ब्रिटनमधली दोघांची जोडी, 'कॉनफिल्ड' त्यांचा २००१चा अल्बम. त्याआधी त्या दोघांचे १९९३चा 'इन्कुनाबुला', १९९४चा 'अँबर', १९९५चा 'ट्राय रिपीटे' आहेत. त्यांत सूर हाताला लागतो, ठोका धरता येतो. पुढे तो ठोका हळूहळू विस्कटत गेला. ते विस्कटणं ज्याने ऐकलंय त्याला 'कॉनफिल्ड'मधली खडखड कुठून आली ते समजतं. माझ्या मावसभावाला असंच कुणीतरी थेट तिथे ढकललं, आता तो या वाटेला फिरकत नाही.

शिवाय आधी माणसाला विचारा तरी, त्याला काय हवंय! गुंतागुंतीचा ताल हवा तर ऑटेकर. आवाजाचा पोत हवा तर बोर्ड्स ऑफ कॅनडा या स्कॉटिश जोडीचा १९९८चा अल्बम, जुन्या टेपसारखे डगमगणारे सूर. संथपणा हवा तर फ्रेंच संगीतकार एलियान रादिग. तिच्या 'त्रिलोजी द ला मॉर'मध्ये ठोका नावालाही नाही, जवळपास तीन तास आवाज हळूहळू बदलत राहतो. तिघांना एकच औषध कसं चालेल?

कातळ (देवगड)
तो 'एकाने' म्हणजे मी. नाव घ्यायला हरकत नव्हती.
मी 'कॉनफिल्ड'पासूनच सुरुवात केली. पावसात लाईट गेलेली, टॉवर बंद, फोनमध्ये उतरवलेला तेवढा एकच अल्बम. पहिल्यांदा वैताग आला. दुसरं काही नव्हतं म्हणून परत परत ऐकला आणि मग कान उघडला. सोपं हाताशी असतं तर मी सोप्यातच रमलो असतो.

सडेकर
म्हणजे तुला पहिल्या फटक्यात झेपला नव्हता. तुझ्याच नियमाने हे संगीत तुझ्यासाठी नव्हतं.

गजरप्रेमी (कणकवली)
दोघेही तालावर बोलताय आणि डबलबारी भजनाचं नावही नाही! रात्रभर समोरासमोर दोन बुवा, गजराला पखवाजावर जे चालतं ते ऐकून वाढलेल्या पोराला तालाची कसली शिकवणी लावता? आमच्याकडच्या माणसाने 'ट्राय रिपीटे'त घुटमळूच नये.

वेंगुर्लेकर काका
बुवांच्या पखवाजाक ह्या मशिनीच्या खडखडाटाबरोबर कित्याक जोडतंस? थय माणूस वाजवता, समोरच्या बुवाक उत्तर देता.

गजरप्रेमी
काका, यंत्राला सूचना माणूसच देतो. १९८२ साली मुंबईच्या सिनेसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी रोलंड कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर दहा राग वाजवले. तेव्हा फारसं कुणी ऐकलं नाही. २०१०ला तो अल्बम पुन्हा निघाला आणि जग चकित झालं. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत तर १९६९लाच मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर घडवणारं यंत्र, आला होता. हे आपल्याला परकं नाही.

वेंगुर्लेकर काका
परक्याचो प्रश्न नाय. पालखीपुढे डीजेच्या भिंती उभ्या करतत, ढोलवाल्यांका कोण इचारीत नाय. माझ्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या छातीत धडधडता. ह्येका संगीत म्हणूचा?

कातळ
काका, डीजेचा राग आमच्यावर का काढताय? तो एकच ठोका बडवत राहतो, आमचं भांडणच त्याच्याशी आहे!

निवती
एकसुरी ठोक्याला इतकं हिणवू नका. १९९४ला ब्रिटनमध्ये रेव्ह, म्हणजे रात्रभराच्या नाचाच्या पार्ट्या, रोखणारा कायदा येत होता. त्यात 'पुनरावृत्त ठोके' असे शब्दच होते. तेव्हा ऑटेकरनी 'अँटी ईपी' ही छोटी रेकॉर्ड काढली. तिच्यातल्या 'फ्लटर'मध्ये कुठल्याही दोन आवर्तनांचे ठोके सारखे नाहीत, कायद्यात बसू नये म्हणून मुद्दाम तशी रचना केली. म्हणजे ज्यांना तुम्ही डोक्यावर घेता ते नाचणाऱ्यांच्या बाजूने उभे राहिले होते.

गजरप्रेमी
हे मान्य. पण पालखीपुढच्या भिंतीबद्दल काकांचं बरोबर आहे. आमच्या वाडीत ढोलवाली पोरं कमी होत चाललीत, आणि ते मला 'फ्लटर'पेक्षा जास्त लागतं.

वेंगुर्लेकर काका
आता कसो बोललंस.

कातळ
धागा कुठे होता, कुठे गेला. सडेकर, 'पहिल्या फटक्यात' एवढे दोन शब्द मागे घेतो. बाकी एक अक्षर नाही.

शुभदा_मालवण
तुमचं होईतो मी विचारून घेते. मला ठोका नकोच. ॲप एक गाणं ऐकलं की त्याच्यासारखीच पन्नास पुढे ढकलतं. शोधू कुठे?

सडेकर
ताई, बँडकँप या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळावर जा. आवडलेल्या अल्बमच्या पानावर तो विकत घेणाऱ्यांची छोटी चित्रं दिसतात. एकावर टिचकी मारा, त्याचा सगळा संग्रह उघडतो. तुमच्या आवडीचे दोन अल्बम ज्याच्याकडे सापडतील त्याचं बाकीचं ऐका. ॲपला तुमचा कान कळत नाही, अशा माणसाला कळतो. सुरुवात रादिगपासून करा, रात्री, चांगल्या हेडफोनवर.

कातळ
रादिग पहिल्याच रात्री तीन तास? आणि सक्ती मी करतो म्हणे! ताई, आधी ब्रिटिश संगीतकार एफेक्स ट्विनचा १९९४चा 'सिलेक्टेड अँबियंट वर्क्स'चा दुसरा खंड ऐका. बराचसा ठोक्याविना आहे, आणि तुकडे छोटे आहेत.